डोंगरावरचं ऊन

कापडावर भरायला घेतलेला डोंगर आज दुपारी खिडकीला टेकवला आणि मागे सरले. जवळून नुसत्या दोऱ्याच्या फुल्या दिसतात, लांबून डोंगर उभा राहतो, त्याच्या पलीकडे दुसराही. आज तर उतारावर ऊन पडलं होतं! मी बघतच राहिले.

जवळ जाऊन पाहिलं. दोरा तोच हिरवा. पण तिथल्या फुल्यांचा वरचा टाका माझ्या हातून उलटीकडे कलला होता, म्हणून उजेड निराळा पडत होता.

मला भरतकाम शिकवलं ते थोरल्या जाऊबाईंनी, आक्कांनी. त्या शेजारी येऊन म्हणाल्या, "अगं वेडे, सगळे टाके एकीकडेच झुकायला हवेत. उसव ते. बाहेरच्या खोलीत लावायचाय, पाहुणे नावं ठेवतील."

त्यांनी म्हणावं आणि मी उसवावं, असंच आजवर चाललं. मी कात्री उचललीसुद्धा. पण खऱ्या डोंगरावर तरी ऊन सगळीकडे सारखं कुठं पडतं? एखादाच तुकडा उजळतो आणि आपण हातातलं काम विसरतो. मी कात्री खाली ठेवली.

"राहू दे, आक्का," मी म्हटलं. "ते ऊन आहे."

आक्का मागे सरल्या आणि डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाल्या, "त्या पलीकडच्या डोंगरावर पण पाड की थोडं!"