बादलीतला गणपती

सरकारतर्फे डासांची तपासणी करणारी ती बाई इथे परदेशात, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकदाच आली. समुद्रात विसर्जनाला परवानगी लागते, म्हणून नियमात राहण्याच्या तोऱ्यात मी गणपती घरीच बादलीत सोडला होता. चार दिवस झाले, तरी शाडू पुरता विरघळला नव्हता.

"अहो, साठलेल्या पाण्याला दंड असतो!" बायको कुजबुजली.

बाईंनी गुडघे टेकून बादलीत टॉर्च मारला. अळ्या नव्हत्या.

"आमचा देव आहे हा. समुद्रात सोडायला परवानगी लागते, म्हणून इथे सोडलाय. ओतून टाकू का?" मी चाचरत विचारलं. अर्धा गणपती मोरीत ओतायची कल्पनाच मला सहन होत नव्हती.

"अंकल, समुद्राचा नियम वेगळा, घरातला वेगळा. डास मात्र तोच," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मग माझं उपरणं मागून त्यांनी बादलीच्या तोंडाला घट्ट बांधलं. "आता जाऊ दे त्याला सावकाश."

इतकी वर्षं मी खांद्यावर नुसतंच मिरवलेलं उपरणं पहिल्यांदाच देवाच्या कामी आलं.