माझं मालवणी म्हणे नकली

माझी नात रॉक बँडमध्ये ड्रम वाजवते. त्यांच्या नव्या अल्बममध्ये एका गाण्याच्या सुरुवातीला मी देवाला घातलेलं मालवणी गाऱ्हाणं आहे. ऐकणाऱ्यांनी मोबाइलवर काय लिहिलंय ते नातीने मला वाचून दाखवलं. अर्ध्यांच्या अंगावर काटा आला, अर्ध्यांना ती देवाची चेष्टा वाटली. तेवढं मी ऐकून घेतलं. पण एकाने लिहिलं, ‘म्हातारा भाड्याचा नट आहे, मालवणी नकली.’ माझं डोकं फिरलं. मी चौथी नापास असेन, पण ही भाषा आईकडून घेतलीय.

“आजोबा, सोड ना. लोक काहीही लिहितात.”

“सोडू कसा? लिव तेका, लालबागाक ये आणि माझ्या तोंडार बोल.”

तिने लिहिलं नाही. मी अजून तिच्याशी बोलत नाही.