गोधडीवरचे फासे

माझ्या धंद्याला मराठीत नाव नव्हतं, आणि ज्या धंद्याला नाव नाही त्याची लाज फार वाटते. शिवणकाम करते म्हणा, शिकवण्या घेते म्हणा, लोक मान डोलावतात आणि चहाचा कप पुढं करतात. मी काय सांगणार होते, डोंबल? खेळ असा: चार-पाच जणांनी गोल करून बसायचं. त्यातला एक गोष्ट सांगतो. तुम्ही किल्ल्याच्या दाराशी आलात, पहारेकरी झोपलाय, आत कुणीतरी रडतंय, आता तुम्ही काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र धरलेलं असतं. ते सांगतात, मी आत शिरतो, मी पहारेकऱ्याला उठवते. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. पण हे सगळं आधी कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. आत कोण रडतंय, पहारेकऱ्याला उठवलं तर तो काय म्हणतो आणि नाही उठवलं तर पुढं काय होतं. ते लिहिणारी मी. सासरी, बारामतीजवळच्या पणदऱ्याला, उसातल्या घरात बसून, इंग्लंडातल्या एका छोट्याशा मासिकासाठी. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती.

मूळची मी इंदापूरची, वडील शाळामास्तर. पुण्यात मामाकडे राहून इंग्रजी घेऊन बीए केलं. तिथं मामेभावाच्या एका मित्रानं परदेशातून हा खेळ आणला होता. सगळ्या मुलांत मी एकटी मुलगी, आणि सगळ्यांत आगाऊ मीच. गंमत म्हणून त्या मासिकाला एक गोष्ट पाठवली, ती छापून आली, त्यांनी आणखी मागितली, आणि तेवढ्यात माझं लग्न ठरलं. रुखवतात मी काय काय नेलं ते सासरच्या बायकांनी उलटून पालटून बघितलं. फासे मी शिकेकाईच्या डब्यात घालून नेले.

कारण फासा म्हटलं की जुगार. आमच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, दिवाळीला पोरांनी पत्ते काढलेलेही खपायचे नाहीत. त्यात माझे फासे कुठले साधे! एक चार बाजूंचा, एक आठ, एक तर वीस बाजूंचा. असला फासा जर बाहेरच्या सोप्यात आबांपुढं घरंगळत गेला असता तर मी कोणत्या तोंडानं काय सांगितलं असतं?

घरात सांगून ठेवलं होतं की मी इंग्रजी टायपिंगचं काम करते. खोटं नव्हतं अगदी. बारामतीतून जुना टाइपरायटर आणला होता, तो ट्रंकेवर ठेवून दुपारची भांडी झाली की बसायचे. मग एसटीनं बारामती, झेरॉक्स, पोस्ट. झेरॉक्सवाल्याला थोडंफार इंग्रजी यायचं आणि त्याची मला धास्तीच असायची. एकदा त्यानं मशीनवर पान ठेवता ठेवता वाचलं, सात तोंडांच्या सापाचं कोणतं तोंड कधी चावतं त्याचा तो तक्ता होता. त्यानं माझ्या मंगळसूत्राकडे बघितलं, परत पानाकडे बघितलं, आणि प्रती काढून दिल्या. पुढं मी दुसऱ्या गल्लीतल्या दुकानात जायला लागले.

संपादक मोठा चिकट माणूस. महिन्या-दीड महिन्यानं त्याचं पत्र यायचं, आणि त्यात एकच तुणतुणं: हे कुणाबरोबर खेळून बघितलंय का? खेळून बघितल्याशिवाय छापणार नाही. खेळणारे कुठं अडले, कुठं कंटाळले, तुम्ही विचार केला नव्हता असं काय करून बसले, ते कळवा. आता पणदऱ्यात खेळायला माणसं आणू कुठून! आधी नवऱ्याला धरलं. तो दूध संघात कामाला, पहाटेच उठायचा. तीन वाक्यं ऐकली आणि विचारलं, यात जिंकतं कोण? म्हटलं, कुणीच जिंकत नाही. मग खेळायचं कशाला, म्हणाला आणि कुशीवर वळून घोरायला लागला.

मग मी नणंदेला विचारलं. बारावी झालेली, घरातली शेंडेफळ. चारचौघांत मी तिला वन्सं म्हणायचे आणि दोघीच असलो की अगं-तुगं. इतकी गरीब पोर की ताटातली भाकरी संपली तरी दुसरी मागायची नाही, कुणाच्या लक्षात येईपर्यंत चटणी चाटत बसायची. ही काय खेळणार, असं मला वाटलं होतं. दार लोटून, फाशांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून घडी घातलेल्या गोधडीवर आम्ही खेळायला बसलो. तुला कोण व्हायचंय, म्हटलं. माझ्याकडं घोडा पायजे, म्हणाली. एवढंच.

अगं बाई, काय खेळली ती! पहिल्याच दुपारी नाक्यावरच्या शिपायाला तिनं धडधडीत थाप मारली की मी राजाची दाई आहे, मला अडवलंस आणि राणीला काही झालं तर तुझं डोकं उडेल. मी तिथं लढाई लिहून ठेवली होती, ती सगळी फुकट गेली. चोरांच्या टोळीशी भांडली नाही, त्यांच्या म्होरक्याला विचारत बसली की तुमच्यात आजारी माणसाला कोण बघतं. आणि जखमी चोराला पट्टी बांधून त्याच्याकडूनच वाट काढून घेतली. संपादकाला कळवलं तर त्याचं खूश होऊन पत्र आलं, ही तुमची खेळाडू कोण आहे, हिला सोडू नका. मी तिला ते वाचून दाखवलं. ती लाजली आणि ओढणीनं घाम पुसत बसली.

एकदा मात्र फजिती झाली. गोष्टीत एक म्हातारी चेटकीण होती आणि मी रंगात येऊन घोगऱ्या आवाजात घुमायला लागले, केस बिस सोडून. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी ओळखलं ते एकच, सुनेच्या अंगात आलंय. आरडाओरड नाही काही नाही, सरळ मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन आल्या आणि माझी दृष्ट काढली. नणंद गोधडीखाली फासे लपवून मुकाट बसलेली, तिचे खांदे हसून हलत होते. आणि मी, बीए झालेली बाई, डोळे मिटून दृष्ट काढून घेतली. अंगात येणं परवडलं, फासे नकोत, असं वाटलं मला. मिरच्यांचा ठसका लागेपर्यंत बसून राहिले. तेव्हा ते विनोदी वाटलं होतं.

त्याच उन्हाळ्यात तिच्यासाठी स्थळ आलं. मुलगा इंदापूरकडचा, साखर कारखान्यात कामाला, निर्व्यसनी वगैरे. तिनं मला मागच्या हौदावर गाठलं आणि सांगितलं की तिला नर्सिंगला जायचंय, पुण्याला. मैत्रीण चालली आहे, तिच्याबरोबर. आबांपुढं तिची जीभ उचलत नव्हती. ती म्हणाली, "वैनी, तुमी बोला. तुमचं लिवलेलं तिकडं इंग्लंडात लोक वाचत्यात. आबा ऐकत्याल तुमचं."

बोलते म्हटलं. आज बोलते, उद्या बोलते, आबांचं उसाच्या पाळीपाण्यात डोकं आहे, मग बोलते. असं करत करत पाहुणे यायचा दिवस उजाडला. तेव्हा तिनंच डाव आखला, अगदी खेळात आखायची तसा. मुलाची आत्या मास्तरीण आहे, सगळं तिच्या शब्दावर चालतं. ती शिक्षणाचं विचारणारच. तिनं विचारलं की लगेच तुम्ही सांगायचं, हिला पुढं नर्सिंग करायचंय, दोन-तीन वर्षं थांबता येईल का. पाहुण्यांदेखत आबा नाही म्हणायचे नाहीत, आणि मास्तरीणबाई शिक्षणाला नको कशी म्हणेल? तुम्हाला फक्त सुरुवात करायची आहे, म्हणाली. माझा हात धरून ठेवला होता तिनं. मी म्हटलं, काळजी करू नकोस.

पाहुणे आले, सोप्यात बसले. आबा, नवरा, मुलगा, त्याचे वडील, ती आत्या, आणि दाराशी आम्ही बायका. नणंद पोहे घेऊन आली. आत्याबाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं, शिक्षण विचारलं. बारावी, ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं. उघडलेलं बघूनच असेल, आत्याबाई माझ्याकडं वळल्या. तोंडभरून हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही इंग्रजी घेऊन बीए ना? काय करता मग?"

साधा प्रश्न. टायपिंग म्हटलं असतं तर कसलं टायपिंग, कुणासाठी, आणि मास्तरीण ती, दाखवा बघू म्हणाली असती. कागदावर सात तोंडांचा साप निघाला असता. आबा समोर बसलेले, नवरा माझ्याकडं न बघता सतरंजीचा दोरा ओढत होता. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी म्हटलं, "काही नाही. घरीच असते."

आत्याबाईंना तेच पाहिजे होतं जणू. त्या आबांकडं वळून म्हणाल्या, बघा, मी आमच्याकडं हेच सांगत असते. माझ्या हाताखालून इतक्या मुली गेल्या, बीए झाल्या, एमए झाल्या, शेवटी घरीच. मग पुढं शिकवून उपयोग काय? बारावी पुरे आहे, आम्हाला तक्रार नाही. आबांनी मान हलवली. खरं हाय, म्हणाले. आमच्या सूनबाईचंच बघा की.

नणंद ताट घेऊन उभीच होती. ती थांबली होती माझ्यासाठी. मला कळत होतं की अजून वेळ गेलेली नाही. मी काही करते, मला त्याचे पैसे मिळतात, बीए फुकट गेलेलं नाही, एवढं म्हणायचं होतं. ते म्हटलं की पुढचं आपोआप आलं असतं. पण ते म्हणायचं तर फासे आले, चेटकीण आली, झाकून ठेवलेलं सगळं सोप्यात आलं असतं, आणि सगळे माझ्याकडं बघत बसले असते. मी पुढं झाले, नणंदेच्या हातातलं ताट घेतलं आणि आत्याबाईंना म्हटलं, अजून थोडे पोहे घ्या ना.

त्याच दिवशी पसंती झाली. आठवड्यात सुपारी फुटली.

नंतर ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही, रुसली नाही, वैनी वैनी करत पाट्यावर वाटण वाटायची. मीच तिच्या नजरेला नजर द्यायची नाही. आतल्या खोलीत टाइपरायटरवर धूळ बसली. गोष्टीचा शेवटचा भाग खेळून बघायचा राहिला होता आणि संपादकाचं पत्र येऊन पडलं होतं. तिला कोणत्या तोंडानं विचारणार? मनात आलं, आपल्याच मनानं काहीतरी खेळवून लिहून टाकावं, तिकडं इंग्लंडात कोण तपासायला बसलंय!

लग्न पाच-सहा दिवसांवर आलं असताना एका दुपारी ती आपणहून आत आली. दार लोटलं, गोधडी काढून अंथरली. म्हणाली, तुमचं काम अडलंय न्हवं, विचारा पुढं. मी नको म्हणत होते. तिनं फाशांचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला.

मग मी वाचायला घेतलं. तिची ती घोडेवाली नदी ओलांडताना पकडली गेली होती. तिला राणीच्या दरबारात उभं केलंय. गुन्हा काय, तर न विचारता नदी ओलांडली. बाजूला सरदार बसलेत, पंडित बसलेत. सुटायच्या वाटा मी पुष्कळ लिहून ठेवल्या होत्या. तिनं थाप मारली तर काय, गयावया केली तर काय, शिपायाची तलवार ओढली तर काय, सगळं तयार होतं. मी तिला विचारलं, राणी म्हणते, तुला काय सांगायचंय ते सांग. आता तू काय करतेस?

तिनं फाशांना हात लावला नाही. गोधडीचा एक टाका उसवला होता, त्याच्यावरून बोट फिरवत राहिली.

"ती काय बोलत न्हाय," ती म्हणाली. "ती उभी ऱ्हाती. तितं तिच्या वळखीचं एक माणूस बसलंय. ते बोलंल म्हणून वाट बघती."

असं कुणी मी त्या दरबारात लिहिलेलंच नव्हतं. मी कसंबसं विचारलं, किती वेळ वाट बघते?

"ते तुमी सांगा," ती म्हणाली. "गोष्ट तुमची हाय."

आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच उत्तर पाहिजे होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत बसली आणि मी मांडीवरच्या कागदाकडं. मला माफ कर, एवढं तरी म्हणावं असं वाटत होतं, आणि मी पानं चाळत राहिले. बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, कासार आला होता. ती अजून थोडी थांबली. मग उठली, गोधडीची घडी घालून जागेवर ठेवली आणि चुडा भरायला गेली.