सोमवारचे फोटो

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, तुझ्या फोटोंमध्ये फुलं वाहिलेला तो काळा देव कोणता? माझ्या फोनमधले फोटो तुमच्या आईच्या संगणकावर आपोआप जमा होतात, हे मला त्या दिवशी कळलं. तो देव नाही. ते मिरची कांडपाचं यंत्र आहे आणि ते पाच फोटो मी सरकारला पाठवण्यासाठी काढले होते. कॉलवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

लोहाऱ्यात आपल्या घरासमोरचा रस्ता ओलांडला की पत्र्याची एक शेड आहे. तुम्ही आला होतात तेव्हा तिथे कडबा ठेवलेला असायचा. शेडमागच्या घरच्या सुनेने सरकारी योजनेतून कर्ज काढलं आणि शेडमध्ये कांडपयंत्र बसवलं. दोन लोखंडी मुसळं आळीपाळीने वर उचलली जातात आणि खालच्या उखळांत पडतात. लोक घरून डब्यात मिरची, हळकुंडं, येसराचं सामान घेऊन येतात. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाला कुटून केलेली पूड. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला तिची आमटी असते. यंत्र चालू असलं की आपल्या ओट्यावर बोललेलं ऐकू येत नाही आणि वारा इकडचा असला तर डोळ्यांतून पाणी येतं.

कर्जाबरोबर सरकार अनुदान देतं, पण ते हातात देत नाही. तीन वर्षं बँकेत वेगळं ठेवतात. तोपर्यंत दर सहा महिन्यांनी अहवाल पाठवायचा: यंत्र चालू आहे का, किती जणांना काम मिळालं, आठवड्यातून किती दिवस काम चालतं. सोबत एक फोटो. त्यात यंत्र, कर्जदार बाई आणि योजनेच्या नावाची पाटी, तिन्ही दिसायला हवं, आणि फोटोवर तारीख, वेळ आणि जागा आपोआप उमटायला हवी. सगळे अहवाल नीट गेले तर तीन वर्षांनी अनुदान कर्जात वळतं करतात आणि कर्ज बरंचसं फिटतं. उद्योग बंद आहे असं ठरलं तर अनुदान परत जातं आणि पूर्ण कर्जाचा हप्ता बाईच्या डोक्यावर येतो. तसा हप्ता तिला झेपला नसता. यंत्र विकावं लागलं असतं.

अहवालाचा नमुना निम्मा इंग्रजीत होता. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई समोरच राहते म्हटल्यावर तो कागद माझ्याकडेच यायचा होता. मला ते काम आवडलं, हेही सांगते. मी एक निळी फाइल केली, प्रत्येक अहवालाची प्रत काढून ठेवली, कॅलेंडरवर पुढच्या तारखेला गोल केला.

फोटो काढायला मी सोमवारी जायचे. त्यांच्या घरी सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार, शिवाचा वार. त्या दिवशी बैलाला धुतात, खाऊ घालतात आणि सोडून देतात. त्याच रीतीने यंत्रालाही सोमवारी सुट्टी असायची. सकाळी ती ते ओल्या फडक्याने पुसायची, मोटारीवर भस्माची तीन बोटं ओढायची, मग वरून जुनं धोतर टाकून झाकायची आणि त्यावर कण्हेरीचं फूल ठेवायची. कामाला येणाऱ्या दोघी बायका त्या दिवशी येत नसत. एरवी तिच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. सोमवारी चहा होता, गप्पा होत्या. ती लेकीच्या डोक्याला तेल लावत बसलेली असायची आणि साध्या आवाजात बोलायची. मग फोटोही त्याच दिवशी काढलेला बरा, असं मला वाटलं.

फोटोसाठी ती धोतर बाजूला करून फूल मोटारीवर ठेवायची आणि चांगलं लुगडं नेसून, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन, यंत्राशेजारी ताठ उभी राहायची. मी तिला आणखी ताठ उभं करायचे. शेडमध्ये गिऱ्हाइकांचे डबे ओळीने लावलेले असत, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली. ते मला फोटोत पसाऱ्यासारखे दिसायचे. मी ते उचलून मागे ठेवायला लावायचे. जमीनही झाडून घ्यायला लावायचे. अशा रीतीने अडीच वर्षांत पाच अहवाल आणि पाच फोटो गेले. सगळे वेळेच्या आत.

पाचव्या अहवालानंतर पत्र आलं. ती ते उघडून न वाचता तसंच माझ्याकडे घेऊन आली. सादर केलेल्या छायाचित्रांवरून यंत्र वापरात नसल्याचं दिसतं, कामगार कोणत्याही छायाचित्रात आढळत नाहीत, पंधरा दिवसांत खुलासा करावा, प्रत्यक्ष पडताळणी करण्यात येईल, अन्यथा अनुदान परत घेण्याची कार्यवाही होईल.

मी फाइल काढली आणि पाचही फोटो टेबलावर मांडले. स्वच्छ यंत्र, स्वच्छ जमीन, फूल, भस्म, हात जोडायचे बाकी असलेली बाई. जे लिहिलं होतं ते बरोबर होतं. मीही हे फोटो पाहून तेच म्हटलं असतं.

"काय लिवलंय, बाई?" तिने विचारलं.

मी सांगितलं. ती खाली बसली. एकेक फोटो उचलून पाहिला. मग म्हणाली, "लई ग्वाड आलेत पर फोटो."

मी रात्रीपर्यंतही थांबले नाही, लगेच खुलासा लिहायला बसले. दोन पानं झाली, मुद्द्यांना क्रमांक दिले. एक, यंत्र आठवड्यातून सहा दिवस चालतं. दोन, सर्व छायाचित्रं सोमवारची आहेत. तीन, कुटुंबातील ज्येष्ठांच्या श्रद्धेमुळे सोमवारी यंत्र बंद ठेवावं लागतं. चार, वीजबिलं जोडली आहेत. असं नऊपर्यंत. मी तिला वाचून दाखवलं.

"बाई, तुमी एवढं लिवलं तर त्यास्नी वाटंल आपण कायतरी लपवतोय."

मी नऊचे पाच केले. तिसरा मुद्दा ठेवला, तो मला महत्त्वाचा वाटत होता.

मग मी जिल्ह्याच्या कार्यालयात फोन लावला. पडताळणीला कोणत्याही दिवशी या, फक्त सोमवार नको, असं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, आमचं ठरलेलं असतं. सोमवारी लोहारा, मंगळवारी उमरगा. बदलता येत नाही."

आणि पडताळणीचे साहेब सोमवारीच आले. पन्नाशीचे गृहस्थ, मोटारसायकलवर, हेल्मेट हातात. मी आधीच शेडमध्ये जाऊन बसले होते, फाइल मांडीवर. तिच्या सासूबाई दारात पोतं अंथरून मिरच्यांचे देठ खुडत होत्या. यंत्रावर धोतर होतं आणि धोतरावर फूल.

"खुलासा मिळाला ना?" मी विचारलं.

"टपालात असेल," ते म्हणाले. त्यांनी यंत्राकडे पाहिलं. "हे झाकलेलं आहे."

"आज सोमवार आहे."

"आणि फोटोत?"

"तेही सोमवारचेच."

"पाचही?"

"पाचही."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही शिक्षिका होता ना, मॅडम?"

मी होय म्हटलं. मग त्यांचं लक्ष भिंतीकडच्या डब्यांकडे गेलं. त्या दिवशी अकरा होते. त्यांनी दोन-तीन चिठ्ठ्या वाचल्या, एक झाकण उघडून वास घेतला. डब्यांवर माकणी गावच्या लोकांचीही नावं होती. "हे डबे फोटोत का नाहीत?"

"मी बाजूला करायला लावले होते. पसारा दिसत होता."

ते हसले नाहीत, पण हेल्मेट खाली ठेवलं. मुसळांची झिजलेली टोकं पाहिली, वीजबिलं पाहिली. मग म्हणाले, "मला पटलंय. पण चालू बघितल्याशिवाय मी चालू लिहू शकत नाही. माझाही फोटो वर जातो, तारखेसकट, वेळेसकट. बंद दिसलं तर बंदच लिहावं लागेल."

मी सासूबाईंकडे पाहिलं. आता त्यांना समजावून सांगायचं काम माझंच आहे असं धरून मी वाक्य जुळवत होते. त्यांनी देठ खुडता खुडताच मान वर केली.

"मग लाव की गं."

"आत्या, सोमवार हाय," सून म्हणाली.

"सोमवार बैलाचा हाय. बसवण्णाचा. मशीनीला सोमवार हाय असं म्या कवा म्हनले?"

मी सुनेकडे पाहिलं. ती पाटीकडे बघत होती. अडीच वर्षं मला वाटत होतं की सोमवार सासूचा आहे. मी तो कागदावर, सहीनिशी, तिसऱ्या मुद्द्यात घातला होता. पण मग मला आठवली सोमवारी सुनेच्या हातात असायची ती तेलाची वाटी. दुपारी तासभर पंख्याखाली आडवं होणं. साधा आवाज. तो वार तिने स्वतःसाठी काढला होता, आणि नाव बैलाचं सांगितलं होतं, कारण बैलाच्या सुट्टीला कोणी कारण विचारत नाही.

आता तो उघडा पडला होता, आणि तोही माझ्या फोटोंमुळे.

तिने फूल उचलून खिडकीत ठेवलं. धोतराची घडी केली. नाकातोंडावर पदर घट्ट बांधला आणि बटण दाबलं. एका डब्यातल्या चार मुठी मिरच्या उखळात पडल्या, मुसळं उचलली गेली आणि लगेच शेड तिखटाने भरली. साहेबांनी एक फोटो काढला, दुसरा काढताना शिंकले, तिसरा काढताना पुन्हा शिंकले. बाहेर जाऊन हेल्मेटवर कागद ठेवून त्यांनी 'चालू स्थितीत' असं लिहिलं आणि तिची सही घेतली. जाताना मला म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी डबे राहू द्या."

ते गेले तेव्हा यंत्र अजून चालूच होतं. सासूबाई मोठ्या आवाजात म्हणाल्या, "लावलंच हाय तर दोन डबे उरकून घे."

सुनेने बटण बंद केलं. यंत्र थांबल्यावर तिचा आवाज फार लहान वाटला.

"न्हाय, आत्या. पाच मिनिटं सरकारची हुती. ती झाली."

तिने फडकं भिजवलं, यंत्र पुन्हा पुसलं, धोतर घातलं, खिडकीतलं फूल परत ठेवलं. घाई नव्हती. सासूबाई ते सगळं बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"अक्का, ह्ये तुमी शिकिवलं का हिला?"

"मी नाही. मी फक्त डबे हलवायला शिकवलं."

त्यांनी आणखी चार मिरच्यांचे देठ काढले. "सोमवार धरायचाच तर नीट धर मग. उपास कर. नुसतं मशीन बंद ठिवून शिवाला काय मिळतंय?"

"करीन," सून म्हणाली.

आणि ती करते. दर सोमवारी एक वेळ जेवते, संध्याकाळी महादेवाला जाऊन येते. उपास तिला सोपा जात नाही, पण तिने माझ्याजवळ एकदाही कुरकुर केली नाही. सासूबाई आता आल्यागेल्याला सांगतात की आमच्यात सोमवारी मशीनसुद्धा लावत नाहीत.

अनुदान या उन्हाळ्यात कर्जात वळतं झालं. त्याआधी सहावा अहवाल गेला. त्याचा फोटो मी बुधवारी काढला. तोही तुमच्याकडे आला असेल. थोडा वाकडा आहे, कारण मला शिंक आली. पदराआडून बाईचे फक्त डोळे दिसतात. मागे कामाच्या दोघी आहेत. एकीचा हात हलल्यामुळे पुसट झालाय. जमिनीवर तिखट सांडलेलं आहे आणि सगळे डबे जागच्या जागी आहेत, एकाचं झाकणही नीट बसलेलं नाही.

सोमवारी मी अजूनही चहाला जाते. फोन घरी ठेवते.