नळवाल्याचं नाक आणि मासळीचा आळ

नळवाल्याचं नाक मोठं होतं आणि नाकाचा तोरा त्याहून मोठा. पाना हातात घेण्याआधी तो स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगायचा. "नाक कोरं करून घेतो," म्हणायचा. मग तीनदा श्वास ओढायचा आणि निदान ठोकून द्यायचा. बायको म्हणे, "माझा राग सोडून यांना सगळं वासावरून कळतं."

निदान सहसा चुकत नसे, हेही खरं. वापरात नसलेल्या मोरीच्या पाइपातलं पाणी सुकलं की गटाराचा वास वर येतो, हे त्याने तांब्याभर पाणी ओतून निम्म्या गल्लीला दाखवून दिलं होतं.

सोमवारी एका घरमालकीणबाईंनी त्याला बोलावलं. वरच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई एकट्या राहत. खोली देताना अट एकच होती, मासे शिजवायचे नाहीत. आणि आता तर रोज दुपारी जिन्यात वास. नळवाल्याने जिन्यातच कोपर हुंगलं, तीनदा श्वास ओढला आणि न्यायाधीशाच्या थाटात सांगितलं, "मासळी. तीही कालची."

झालं. शिंपीणबाईंना आठवड्यात खोली सोडायचं फर्मान निघालं.

गुरुवारी नेमका त्यांचाच नळ गळू लागला, आणि गल्लीत नळवाला हा एकच.

"या," इस्त्री फिरवता फिरवता त्या म्हणाल्या. "मासे तळून ठेवलेत तुमच्यासाठी."

तो सिंकखाली शिरला. तिथून म्हणाला, "ताई, खरं सांगा, कुणाला बोलणार नाही."

"बोलून झालंय की तुमचं. तीन दिवस झाले, गॅस संपलाय माझा. मासे काय इस्त्रीवर तळू?"

तेवढ्यात तोच वास आला. शेगडी तर थंडगार. नळवाला सिंकखालून निघाला आणि नाकामागे चालत, इस्त्रीची पिन खोचलेल्या भिंतीवरच्या विजेच्या बोर्डापाशी पोचला. बोर्डाचा कोपरा करपून तपकिरी झाला होता. त्याने आधी झटकन मेन स्विच बंद केला.

मग त्याला मेहुण्याचं बोलणं आठवलं. मेहुणा वायरमन. वास म्हणजे वस्तूतून सुटून हवेत उडालेले बारीक कण. ऊब मिळाली की ते जास्तच उधळतात. जुन्या बोर्डाचं प्लास्टिक तापलं की त्यातून सुटणारे कण आणि शिळ्या माशातून सुटणारे, एकाच घराण्यातले. हे सगळं त्याने एकदा जेवताना सांगितलं होतं. पण मेहुणा बोलतोय म्हटल्यावर ऐकतो कोण?

"ताई, बोर्ड गुपचूप बदलून देतो. वास गेला की मालकीणबाई विसरतील."

"आणि मी चोरून मासे खाणारी ती खाणारीच? बोलवा त्यांना वर."

मालकीणबाई आल्या. बोर्डाला नाक लावलं, मागे सरकल्या, नळवाल्याकडे बघितलं.

"मग सोमवारी काय हुंगलंत?"

"हेच. पण बघितलं नाही."

"अजून चार दिवसांनी घर पेटलं असतं माझं," त्या म्हणाल्या, आणि शिंपीणबाईंकडे न बघता पुटपुटल्या, "तुम्ही राहा बाई."

"राहते. पण मासळी जिनाभर झाली ती यांच्या तोंडाने. आता बोर्डाचंही यांनीच सांगायचं, दारोदार."

नळवाल्याने बेल वाजवत तीन मजले पालथे घातले. शेवटच्या दारातल्या आजोबांनी कानाला हात लावून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. ऐकू त्यांना पहिल्या खेपेलाच गेलं होतं.