माणसात नसलेला रंग

नाना कुठलाही फोटो हाती आला की आधी त्यात नसलेला रंग शोधत. पडद्याला नाक टेकेल इतकं वाकून विचारत, "या मानूसमा कोनता रंग नही शे?" मग तो रंग, बहुतेकदा भडक जांभळा, माउसने कडेकडेने माणसाच्या मागे भरत. तेव्हाच्या गिफ फाइलीत एकच रंग पारदर्शक करता येई, आणि तो जिथे जिथे असेल तिथून मागचं दिसू लागे. जांभळा माणसात नसे, म्हणून माणूस अखंड राही.

जळगावच्या डीटीपीच्या दुकानात आम्ही दोघं. नानांची तीस वर्षं स्टुडिओत निगेटिव्हवर ब्रश फिरवण्यात गेलेली. मी घाईचा. "मागचा पडदा पांढरा आहे ना, पांढराच उडवू," म्हणायचो.

"पांढरं म्हंजे रिकामं नही, भाऊ. दात कोठे जातीन?"

धुळ्याच्या एका डाळमिलवाल्या शेटजींच्या बाराव्याला त्यांचा फोटो संगणकावरून मोठ्या टीव्हीवर दाखवायचा होता. नाना जेवायला गेले असताना मी पांढरा उडवला. खालचं पान पांढरंच होतं, सगळं ठीक दिसलं.

"नीट करं ना?" परत आल्यावर नानांनी विचारलं.

"तुमच्याच पद्धतीनं, नाना."

धुळ्यात माणसं जमल्यावर थोरल्या मुलाने मागे शेंदरी रंग मागितला. नानांनी तो दिला. शेटजींची पांढरी टोपी नाहीशी झाली आणि डोळ्यांच्या पांढऱ्या जागी शेंदूर उतरला. तसेच ते आमच्याकडे बघत राहिले. शेटाणीबाई तोंडाला पदर लावून मागे मागे सरकत भिंतीला टेकल्या.

"कुणी केलं हे?" मुलगा म्हणाला.

मी टीव्हीच्या वायरीकडे बघू लागलो.

"मी केलं, शेट," नाना म्हणाले. "नजर कमी झाली आता माझी."

परतीची एसटी एरंडोलला पोचली. मग खिडकीबाहेर बघतच त्यांनी विचारलं, "भ्याव वाटनं का तुले?"

मी मान डोलावली.

"मंग ऱ्हाऊ दे."

मी राहू दिलं. आठवड्याभरात मालकांनी त्यांना घरी बसवलं. पुढे गावात कुणी त्यांच्या हाती फोटो दिला नाही. दुकानाबाहेर सायकल थांबली तरी मला धडकी भरे, नाना मालकांना खरं सांगायला आले असतील म्हणून. ते कधीच आले नाहीत.

ते गेले तेव्हा अंगणात माणसं म्हणत होती, "शेवटी शेवटी दिसत नव्हतं बिचाऱ्याला." मी तिथेच उभा होतो.

नानांना शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होतं.