टेकडी चढायचे टायर

माझ्या साडूंइतकी जय्यत तयारी करून कुठेही न गेलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. आणि सापडलाच तर कृपा करून मला कळवू नका, एकानेच माझा जीव मेटाकुटीला आणला आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उरणच्या अलीकडच्या एका आगरी गावात जन्मले, आता करंजाड्याला सातव्या मजल्यावर राहतात आणि एका कंटेनर यार्डाच्या गेटवर सुपरवायझर आहेत. तिथे त्यांचा दरारा असा, की चाळीस फुटी ट्रेलर समोर आला की एक नजर कागदावर, एक ड्रायव्हरच्या तोंडावर, आणि लगेच "घे आत" किंवा "लाव साइडला". तिसरं वाक्य नाही. हाच माणूस सायकलच्या टायरात ट्यूब घालावी की घालू नये, या एका प्रश्नापाशी सहा वर्षं अडून बसला.

सुरुवात रक्तातल्या साखरेपासून झाली. दोघांचीही वाढली, दोघांनाही डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि आम्ही एकाच दिवशी जाड, खरबरीत टायरांच्या दोन डोंगरी सायकली घेतल्या. दुकानातच साडूंनी जाहीर केलं, "साडूभाऊ, पयली फेरी आमच्या गावच्या टेकडीवर. बैलगाडीची वाट हाय वरपर्यंत. वर देवीचं ठानं, बाजूला चाफा. तिथून बाबांचं मिठागर दिसायचं. तुमाला दाखवतो." मिठागर केव्हाच भरावाखाली गेलं होतं आणि त्यांचे बाबाही गेले होते. पण माणूस इतक्या उमाळ्याने बोलला, की मी तिथल्या तिथे पुढचा रविवार पक्का करून घरी आलो. तो पुढचा रविवार यायला सहा वर्षं लागली.

घोडं अडलं ते बाभळीपाशी. टेकडीच्या वाटेवर बाभळी आहेत हे साडूंना शनिवारी आठवलं. काट्यांच्या वाटेला ट्यूबलेस बरं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूबच नाही. टायरात दुधासारखं एक सीलंट ओततात, काटा घुसला की ते भोकाशी येऊन घट्ट होतं आणि चाक आपलं चालत राहतं. शिवाय हवा कमी ठेवता येते, त्यामुळे दगडांवर पकड चांगली. साडू मोहरून गेले. आता हा टायर रिमवर बसायला हवेचा एकदम जोराचा झोत लागतो, घरच्या पंपाने ते होत नाही. म्हणून साडू मला आणि दोन चाकांना घेऊन थेट तुर्भ्याच्या ट्रकलाइनीतल्या पंक्चरवाल्याकडे गेले. ज्याचा हात ट्रकच्या टायरांवर बसलेला, त्याने त्याच हाताने कॉम्प्रेसर सोडला. पुढच्या क्षणी सगळं सीलंट साडूंच्या चष्म्यावर, शर्टावर आणि थोडं माझ्या पाकिटावर. पंक्चरवाला शांतपणे म्हणाला, "काका, ये सायकल है के म्हैस?" साडूंनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "टेक्निक बरोबर हाय. पोरगा नवीन हाय." पोरगा साठीचा होता.

तिसऱ्या खेपेला टायर बसला. बसल्यावर साडूंना कळलं, की आपल्याकडच्या उकाड्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं. मग ते रोज सकाळी चाक काढून, नारळ हलवून बघावा तसं कानाशी हलवायचे, आत खळखळ आहे का बघायचे. सायकल चालवली असती तर चाक आपसूक हललं असतं, हे मी त्यांना एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने ते बहुधा बिनकागदाच्या ड्रायव्हरकडे बघत असतील. पावसाळ्यानंतर पुन्हा ट्यूब घातली. दिवाळीत लक्षात आलं, की हवा कमी ठेवली तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. पुन्हा ट्यूबलेस. ताईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, पीठ मळायची परात पंक्चर शोधायला गेली ती परत स्वयंपाकघरात आलीच नाही. एकदा मी ताईंजवळ गाऱ्हाणं केलं, तर त्या म्हणाल्या, "मला बघून गेल्यावर होकार कळवायला यांना अकरा महिने लागले. शेवटी माझे वडील यांच्या दारात जाऊन बसले. टायराला कुठं बाप हाय?"

माझा गुडघा तेवढा मधल्या काळात कुरकुरायला लागला होता.

तिसऱ्या वर्षी ताईंचाच फोन आला, टेकडीला जेसीबी लागलेत. आसपासच्या भरावांना मुरूम हवा होता आणि टेकडी हाताशी होती. मी धावतच करंजाड्याला गेलो. गॅलरीत साडू चाकासमोर मांडी घालून बसले होते. मी हात जोडले. म्हटलं, "अहो, ट्यूब घाला, नका घालू, गवत भरा त्यात, पण चला! टेकडी राहणार नाही." ते मान हलवून म्हणाले, "एकदम बरोबर बोल्लात. पन वाट बदललीय ना आता. डंपर फिरतात, खडी पडलीय. परत विचार कराया लागंल." त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला सांगितलं की मी सायकल विकतोय. विकली मात्र नाही.

पुढच्या वर्षी देवीला खाली आणलं. पायथ्याशी तिला फरश्यांचं नवं देऊळ बांधलं होतं. त्या सोहळ्याला आम्ही सगळे गेलो, अर्थात मोटारीने. तिथे लोक कौल लावत होते. देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावायची आणि प्रश्न विचारायचा. ज्या बाजूचं फूल आधी पडेल तो देवीचा शब्द. कोणी मुलीच्या लग्नाचं विचारत होतं, कोणी जमिनीच्या दाव्याचं. साडू पुढे झाले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माउली, उजवीकडं ट्यूबलेस, डावीकडं ट्यूब." पुजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांबाकडे पाहिलं. एवढ्यात कोणालातरी उकडलं म्हणून नव्या देवळातला नवा पंखा लागला, आणि दोन्ही फुलं एकदमच उडून साडूंच्या पायाशी आली.

मी हसू दाबत बाहेर आलो. साडू पायरीवर बसून चपला घालत होते. म्हणाले, "वर असती तर बोलली असती." मग बराच वेळ चपलेचा पट्टा लावत राहिले आणि खाली बघतच म्हणाले, "ही माती आमच्याच यार्डात येते, साडूभाऊ. लाल माती. रोज तीस-चाळीस डंपर. पास मीच देतो." माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण साडूंच्या नात्यात तशी पद्धत नाही. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी निघूच." ते म्हणाले, "निघूच."

नाही निघालो. मी विचारायचंही सोडलं. आणि मग गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला, "ठरलं. पुढं ट्यूबलेस, मागं ट्यूब. उद्या सकाळी या." माझा विश्वास बसेना. गुडघ्याला पट्टा बांधून मी गेलो. करंजाड्यापासून गावापर्यंत आम्ही दोघे शेजारी-शेजारी सायकल मारत गेलो, आणि खरं सांगतो, साडू फार सुरेख सायकल चालवतात. सहा वर्षांत मला ते माहीतच नव्हतं.

गावापलीकडे टेकडी नव्हती. थोडीशीही उरली नव्हती. लांबच लांब सपाट लाल जमीन, कडेला रांगेने लावलेले ट्रेलर. साडू थेट मधोमध गेले, एक पाय टेकवून थांबले, इकडे-तिकडे पाहून अंदाज घेतला आणि बोट वर केलं, डोक्याच्याही वर, मोकळ्या आभाळात. "तिथं," ते म्हणाले. "तिथं चाफा व्हता."

मी वर पाहत राहिलो. "परवापासून लाल माती यायची थांबली गेटावर," ते म्हणाले. "तवाच समजलो."

मला तेव्हा उमगलं, की पहिली दोन वर्षं टायरांत गेली असतील, पण जेसीबी लागल्यापासून ज्या टेकडीच्या मातीला ते रोज पास देत होते तिच्यासमोर जाऊन उभं राहायची त्यांना हिंमत होत नव्हती. टायर ठरला असता तर जावं लागलं असतं. सहा वर्षं मी या माणसावर चिडचिड केली, याची मला फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग आता यापुढे काय ठेवायचं, ट्यूब की ट्यूबलेस?"

"आता काय," ते म्हणाले, "सपाटीला कायबी चालतं."

मग सवयीने खाली वाकले, आणि आधी माझं आणि मग स्वतःचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. दोन्हींत हवा अगदी बरोबर होती.